वाण नदीकाठचं वॅन

शीर्षकात प्रिंटिंग मिस्टेक नाही. आमच्या सोनपेठला वाण नदी आहे, आणि नेटवर्क्सच्या पेपरात येतं ते वॅन, म्हणजे वाइड एरिया नेटवर्क. (मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन संपादकांनी बघून घ्यावं.) २०२० च्या लॉकडाऊनमध्ये या दोघांची गाठ आमच्या घरी पडली.

ताई पुण्यात एका कंपनीत नोकरीला. लॅपटॉप घेऊन घरी आली, माडीवर टेबल मांडलं आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला ओरडा सुरू. यूट्यूब पळतंय, मग मीटिंग का अडकते? आई म्हणाली, रेंज नसेल. रेंज होती. घोळ रस्त्याचा होता.

जुन्या पद्धतीत कंपनीच्या शाखा लीज्ड लाइनने किंवा एमपीएलएसने एका मोठ्या डेटा सेंटरला जोडलेल्या असतात. घरून काम करणारा व्हीपीएनच्या बोगद्यातून तिथेच पोचतो. सगळी सॉफ्टवेअर्स तिथेच होती तोवर हे ठीक होतं. आता मेल, मीटिंग, फाइली सगळं क्लाउडवर. तरी ताईचं प्रत्येक पॅकेट आधी डेटा सेंटरला जायचं, फायरवॉलपुढे उभं राहायचं, मग क्लाउडकडे, आणि उत्तरही त्याच वाटेने परत. म्हणजे सोनपेठहून परळीला जायचंय, तर आधी परभणीला जाऊन सही घेऊन या! त्यात व्हीपीएनची यंत्रणा मोजक्या लोकांसाठी घेतलेली, आणि एका सोमवारी सगळी कंपनी तिच्यावर.

ही सोय तात्पुरती राहिली नाही. ५ नोव्हेंबर २०२० ला दूरसंचार विभागाने आयटी आणि बीपीओ कंपन्यांसाठीचे नियम सैल केले, घरूनच काय, कुठूनही काम करायला वाट मोकळी झाली. मग नेटवर्कही बदलणं भागच होतं.

शाखांसाठी उपाय आला तो एसडी-वॅन. शाखेला एकाऐवजी दोन-तीन लाइन घ्यायच्या, समजा फायबर आणि ४जी. तिथला बॉक्स प्रत्येक लाइनवरचा उशीर, जिटर, पॅकेट लॉस सतत मोजतो. आवाज आणि व्हिडिओ चांगल्या लाइनवर, बॅकअपसारखी कामं दुसरीवर. जेसीबीने फायबर तोडली (आमच्याकडे हा बारमाही कार्यक्रम आहे) तरी काम चालू राहतं. क्लाउडचं ट्रॅफिक शाखेतूनच थेट बाहेर पडतं.

पण थेट बाहेर पडलं की डेटा सेंटरची फायरवॉल मागे राहते, आणि मला वाटतं खरा प्रश्न इथे आहे. जाहिराती मात्र स्पीडच्याच!

आपलं होस्टेल बघा. गेटवर काका आयकार्ड बघतात. एकदा आत आलं की मेस, कॉमन रूम, कुणाचीही खोली, कोणी विचारत नाही. जुनी नेटवर्क्स अशीच असतात: आत आहे तो आपला. पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं आठवतं? घरून काम करण्याशी त्याचा संबंध नव्हता, पण धडा तोच. हल्लेखोरांनी मालवेअर आत घुसवून खोटा एटीएम स्विच उभा केला. पैसे द्यायचे का, हा प्रश्न बँकेच्या खऱ्या सिस्टिमपर्यंत पोचतच नव्हता, खोटा स्विचच परस्पर 'हो' म्हणत होता. ११ ऑगस्ट २०१८ ला काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ तारखेला स्विफ्टमधून आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये.

फॉरेस्टर या संस्थेत काम करणाऱ्या जॉन किंडरवॅग यांनी २०१० मध्ये 'झीरो ट्रस्ट' मांडलं ते याच सवयीविरुद्ध. तुम्ही पुण्याच्या ऑफिसात बसलात म्हणून भरवसा नाही, आणि सोनपेठच्या माडीवर बसलात म्हणून संशयही नाही. प्रत्येक दाराशी वेगळी तपासणी: माणूस कोण, लॅपटॉप कंपनीचा का, अपडेट आहे का, आणि या माणसाला नेमकं काय लागतं. किल्ली तेवढ्याच खोलीची मिळते. एकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी चोराला पूर्ण होस्टेल फिरता येत नाही.

ताईच्या कंपनीने पुढे हेच आणलं. त्यामुळे ऑफिसला परत बोलावलं तेव्हा तिला 'घरून जमत नाही' असं कोणी म्हणू शकलं नाही. महिन्यातला एक आठवडा पुण्यात, बाकी दिवस सोनपेठला. मात्र गेल्या दिवाळीत चार दिवस लॅपटॉप बंद होता, अपडेट राहिलं, आणि सिस्टिमने तिलाच आत घेतलं नाही. "अगं, मीच आहे ना!" ताई स्क्रीनवर ओरडत होती, आणि आई खालून विचारत होती, रेंज नाही का गं?