परवान्याशिवाय घरात काय काय करता येतं?

आज दिल्लीतल्या माझ्याच घराची गोष्ट सांगतो. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली भिंत काढायचं आम्ही ठरवलं. ठेकेदार म्हणाला, "अंदर का काम है साहब, कौन पूछेगा?" मीही मान डोलावली. घणाचे चार घाव पडले आणि वरच्या मजल्यावरच्या आंटी धावत खाली आल्या. त्यांच्या फरशीला तडा गेला होता. आमची भिंत त्यांच्या घराचा आधार होती.

काम थांबवलं आणि मग नियम वाचले. क्रम उलटा हवा होता!

दिल्लीत २०१६ चे एकत्रित बांधकाम उपनियम आहेत. त्यांनुसार गिलावा, रंगरंगोटी, फरशी बदलणं, आहे त्याच उंचीवर छप्पर नव्यानं घालणं यासाठी परवाना लागत नाही. गच्चीचा कठडा १ ते १.५ मीटर उंचीचा चालतो. खिडकीवरची पडदी ७५ सेंटिमीटरपर्यंत चालते, पण ती आपल्याच जागेत हवी, रस्त्यावर नको. खिडकी-दार आपल्या जागेकडे उघडत असेल तर चालतं, शेजाऱ्याकडे किंवा रस्त्याकडे नाही. फॉल्स सीलिंग करा, पण त्याचा माळा करू नका. वारसा इमारतींचे नियम मात्र वेगळे.

आतली पार्टिशनही नियमांत बसत असेल तर चालते. मी फसलो तो इथेच. आडोशाची भिंत वेगळी आणि भार पेलणारी वेगळी. जुन्या विटांच्या इमारतीत नऊ इंची भिंत बहुधा भार पेलणारी असते. तरी अंदाज बांधू नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. दिल्ली भूकंपप्रवण भागात आहे, हे विसरू नका.

नोएडा उत्तर प्रदेशात, गुरुग्राम हरियाणात. तिथले नियम तिथल्याच प्राधिकरणाकडे विचारा. आणखी एक: हिवाळ्यात हवा फार बिघडली की 'ग्रॅप'चा तिसरा टप्पा लागतो. मग तोडफोड, विटांचं काम, टाइल कापणं बंद. परवाना लागत नसला तरी बंदच! प्लंबिंग, वीज, सुतारकाम चालतं.

आमची भिंत इंजिनिअरच्या देखरेखीखाली पुन्हा भरून घेतली. आंटींची फरशी आमच्या खर्चानं बदलली. हॉल अजून लहानच आहे, पण वरचं घर शाबूत आहे.

म्हणून घण उचलण्याआधी दोन प्रश्न विचारा: परवाना लागतो का? आणि ही भिंत कुणाला पेलतेय?