आवणीचे दिवस आणि बाळाची वाटी

मुळशी तालुक्यात पावसानं जोर धरला की भाताची आवणी, म्हणजे लावणी, सुरू होते. आई दिवसभर खाचरात, बाळ आजीपाशी. ८ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम पाव लिटर अन्न मावतं. म्हणून ९ महिन्यांनंतर अंगावरच्या दुधाशिवाय त्याला दिवसातून ३-४ वेळा भरवावं लागतं. त्यातली एखादी वेळ हुकते आणि बाळाच्या हाती बिस्किटाचा पुडा येतो. पातळ पेजेनंही पोट भरतं, पण उष्मांक थोडेच मिळतात.

याचं खापर आईच्या कामावर फोडणं मला पटत नाही. तिच्या मजुरीतूनच तर घरात डाळ-अंडी येतात. कमी पडतो तो वेळ. अंगणवाडीतला गरम आहार ३ ते ६ वर्षांच्या मुलांना. त्याहून लहानांसाठी घरी शिधा मिळतो. तो शिजवून भरवायचा कुणी?

आयटी कंपन्यांची हिंजवडीही याच तालुक्यातली. तिथल्या ५० वा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीला २०१७ च्या कायदादुरुस्तीनं पाळणाघर बंधनकारक झालं. आईला दिवसातून ४ वेळा बाळाकडे जाता येतं. आवणीच्या मजुरणीला यातलं काही नाही. तूर्त आजीनं पेज घट्ट शिजवावी, त्यात डाळ घोटावी, वर चमचाभर तेल सोडावं.