घरी बांधलेली टर्बो गाडी : ताकद स्वस्त, मोजमाप महाग

मोटारीच्या इंजिनातून जास्त ताकद हवी असेल तर त्यात जास्त पेट्रोल जाळावे लागते. जास्त पेट्रोल जाळायचे तर जास्त हवा लागते. टर्बोचार्जरचा सारा हिशोब या दोन वाक्यांत आला. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात कितीतरी हौशी कारीगर आपल्या घराच्या गॅरेजमध्ये जुन्या गाडीला टर्बो बसवतात आणि ती चालवणारा कॉम्प्युटरही स्वतः सोल्डरिंग करून तयार करतात. काहींची गाडी वर्षानुवर्षे चालते. काहींचे इंजिन पहिल्याच महिन्यात फुटते. हा फरक का पडतो, ते समजून घेणे गॅरेज चालवणाऱ्या आणि ऑटो-वायरिंगचे काम करणाऱ्या आपल्या तरुणांच्या फायद्याचे आहे.

टर्बो काय करतो?

इंजिनाच्या सायलेन्सरवाटे जो गरम धूर बाहेर पडतो, त्यात बरीच शक्ती वाया जाते. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. एक पंखा या धुराच्या जोरावर फिरतो आणि दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. छोट्या गाडीतला टर्बो मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो, म्हणून त्याला सतत स्वच्छ तेल लागते. ते तेल परत जाण्याची नळी रुंद आणि उताराची असावी लागते. दाब ठराविक मर्यादेपलीकडे जाऊ नये म्हणून धुराचा काही भाग बाजूने सोडणारी एक झडप असते, तिला वेस्टगेट म्हणतात. कल्पना जुनी आहे. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले.

दाब वाढला म्हणजे नफा झाला काय?

समजा, टर्बोने हवेचा दाब दीडपट केला. वरवर पाहता हवा दीडपट आणि ताकदही दीडपट असे वाटते. पण हवा दाबली की ती तापते आणि तापलेली हवा विरळ असते. बाहेर ३० अंश तापमान असेल तर साधारण प्रतीच्या टर्बोतून निघणारी हवा ८५ ते ९० अंशांपर्यंत पोहोचते. त्यामुळे प्रत्यक्षात इंजिनात हवा भरते ती जेमतेम सव्वापट. मधे इंटरकूलर, म्हणजे हवेचा रेडिएटर, बसवून ती ४५ अंशांपर्यंत थंड केली तर तीच हवा सुमारे १.४ पट होते. धंद्यात विक्रीचा आकडा वेगळा आणि हातात पडणारा नफा वेगळा, तसाच हा प्रकार आहे. दाबाचा काटा फक्त विक्री दाखवतो.

खरा शत्रू : नॉकिंग

गरम आणि दाबलेल्या हवेचा दुसरा धोका मोठा आहे. स्पार्क पडल्यावर पेट्रोलचे मिश्रण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शिस्तीने जळत गेले पाहिजे. उष्णता आणि दाब जास्त झाला की उरलेले मिश्रण एकदम भडकते आणि पिस्टनवर हातोड्यासारखा ठोका बसतो. मेकॅनिक याला नॉकिंग म्हणतात. साध्या इंजिनात हलके नॉकिंग बराच काळ चालून जाते. टर्बो इंजिनात काही सेकंदांत पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो किंवा पिस्टनला भोक पडते.

यावर उपाय तीन आहेत. पेट्रोल जरा जास्त द्यावे, स्पार्क जरा उशिरा द्यावा आणि हवा थंड ठेवावी. तिन्ही उपायांचे माप क्षणाक्षणाला बदलते, आणि तिथेच इलेक्ट्रॉनिक्सचा संबंध येतो.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे सहज जमले नाही. जनरल मोटर्सने १९६२ साली ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी बाजारात आणली. तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ होते, टर्बोच्या मानाने फार जास्त. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. ती टाकी ग्राहकाने भरत राहायची होती, आणि पुष्कळ ग्राहक ती भरीत नसत. १९६३ नंतर ही गाडी बंद झाली. पुढे कित्येक गाड्यांवरचे टर्बो डीलरांनी काढून टाकले. टर्बो चांगला होता, त्यावरची देखरेख ग्राहकाच्या आठवणीवर सोपवली होती.

स्वीडनच्या साबने १९७७ मध्ये ९९ टर्बो आणली आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनावर ठोका ऐकणारा सेन्सर बसवला. ठोका ऐकू आला की यंत्रणा वेस्टगेट उघडून दाब आपोआप कमी करी. देखरेखीचे काम माणसाकडून यंत्राकडे गेले आणि टर्बो रोजच्या वापराच्या गाडीत टिकू लागला.

दोघांनी उघडलेले दुकान

कंपनीच्या गाडीतला कॉम्प्युटर बंद डब्यासारखा असतो. त्यातले आकडे बदलणे सामान्य माणसाच्या हाती नसे आणि शर्यतीच्या गाड्यांसाठी मिळणारे कॉम्प्युटर फार महाग असत. २००१ साली अमेरिकेत ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा इंजिन-कॉम्प्युटर किटच्या रूपात आणला. सर्किटची पाटी आणि सुटे भाग घ्यायचे, नकाशा पाहून एकेक भाग स्वतः सोल्डर करायचा आणि लॅपटॉप जोडून आकडे भरायचे. पहिल्या आवृत्तीत मोटोरोलाचा साधा ८-बिट प्रोसेसर होता आणि ती फक्त पेट्रोलचा हिशोब करी. स्पार्कचे नियंत्रण नंतर आले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या जॉश स्टुअर्ट यांनी आर्डुइनो मेगा या बाजारात सहज मिळणाऱ्या पाटीवर चालणारा स्पीडुइनो तयार केला आणि त्याचा नकाशा व प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला ठेवला.

व्यापाराच्या दृष्टीने यात शिकण्यासारखे आहे. इल्म लपवून ठेवले नाही म्हणून बाजार वाढला. ज्यांना सोल्डरिंग जमत नव्हते त्यांच्यासाठी तयार डबे विकणारे, वायरिंगचे जुडगे बनवणारे आणि फक्त ट्यूनिंग करून देणारे असे वेगवेगळे धंदे त्याभोवती उभे राहिले.

एक नमुन्याचा हिशोब

अमेरिकेत अशा कामासाठी माझ्दा मायाटा ही दोन आसनी उघडी गाडी फार वापरली जाते. १९९० च्या मॉडेलमध्ये १.६ लिटरचे, ११६ अश्वशक्तीचे इंजिन होते आणि कॉम्प्रेशन ९.४. हवा मोजण्यासाठी तिच्यात एक फडकी होती. हवा जाईल तशी ती उघडते. टर्बो बसवल्यावर फडकी पूर्ण उघडून अडकते, हवा मात्र वाढतच राहते आणि कॉम्प्युटरला ते कळत नाही. मेगास्क्वर्ट ही फडकी काढून टाकतो आणि इनटेकमधला दाब, हवेचे तापमान व इंजिनाचे फेरे यांवरून हवेचा अंदाज बांधतो.

आता १६० अश्वशक्ती काढायची असे धरू. टर्बो इंजिनाला त्यासाठी तासाला सुमारे ५९ लिटर पेट्रोल लागेल. चार इंजेक्टरांत वाटणी केली आणि इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही हा नियम पाळला, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला सुमारे ३०५ घनसेंटिमीटर पेट्रोल देणारा हवा. मूळ गाडीचे इंजेक्टर इथे कमी पडतात.

पुढचा हिशोब कॉम्प्युटर करतो, तो असा. साध्या दाबाला सिलिंडर पूर्ण भरला तर हा इंजेक्टर सुमारे ८.७ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तितके हजारावे भाग, उघडावा लागतो. सिलिंडर प्रत्यक्षात ८५ टक्के भरतो, म्हणून ०.८५ ने गुणायचे. दाब दीडपट म्हणून १.५ ने गुणायचे. हवा ४५ अंश गरम म्हणून ०.९२ ने गुणायचे. पेट्रोल जरा जास्त द्यायचे म्हणून १.२२ ने गुणायचे. उत्तर येते सुमारे १२.५. इंजेक्टरला उघडायलाच साधारण एक मिलिसेकंद लागतो, तो मिळवला की १३.५. मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर इंजिनाचे एक पूर्ण चक्र सुमारे १७ मिलिसेकंदांत संपते. म्हणजे इंजेक्टर ७९ टक्के वेळ उघडा राहिला. हिशोब जेमतेम बसला. या गाडीतून याहून जास्त ताकद काढायची असेल तर आधी मोठे इंजेक्टर घ्यावे लागतील.

यातला ८५ टक्क्यांचा आकडा प्रत्येक दाबाला आणि प्रत्येक वेगाला वेगळा असतो. त्यासाठी कॉम्प्युटरात एक कोष्टक असते. मूळ मेगास्क्वर्टमध्ये ते ८ बाय ८ घरांचे होते, स्पीडुइनोत १६ बाय १६ घरांचे आहे. ही घरे बरोबर भरणे म्हणजेच ट्यूनिंग.

ट्यूनिंगचा क्रम

साध्या पेट्रोलचा एक भाग पुरता जळायला वजनाने १४.७ भाग हवा लागते. पूर्ण दाबावर नॉकिंग टाळण्यासाठी हे प्रमाण साधारण ११.५ ते १२.५ ठेवतात. भारतात २०२५ पर्यंत सर्वत्र आलेल्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी मूळ आकडाच सुमारे १३.५ आहे, हे ध्यानात ठेवावे.

हे प्रमाण मोजायला धुराच्या नळीत वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवावा लागतो. जुन्या गाड्यांतला साधा सेन्सर फक्त पेट्रोल जास्त की कमी एवढेच सांगतो, किती ते सांगत नाही. त्याच्या भरवशावर टर्बो गाडी ट्यून करणे म्हणजे गजाशिवाय कापड विकणे.

कामाचा क्रम सहसा असा असतो. प्रथम सेन्सरचे अर्थिंग तपासावे. कॉम्प्युटर व सेन्सरच्या अर्थच्या तारा इंजिनावर एकाच ठिकाणी जोडाव्यात, नाहीतर आकडे उगाच नाचतात. मग टायमिंग लाइट लावून कॉम्प्युटर सांगतो तो स्पार्कचा अंश पुलीवरच्या खुणेशी जुळतो का ते पाहावे. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊच नये. नंतर इंजिन जागेवर चालवून, मग बिनदाबाच्या चालीवर घरे भरावीत. दाबाच्या घरांत सुरुवातीला पेट्रोल मुद्दाम जास्त आणि स्पार्क मुद्दाम उशिरा ठेवावा. दाब थोडा थोडा वाढवावा, प्रत्येक फेरीची नोंद लॅपटॉपवर पाहावी आणि मगच एकेक पाऊल पुढे टाकावे. दाब हद्दीबाहेर गेला तर पेट्रोल बंद करणारी मर्यादा पहिल्याच दिवशी भरून ठेवावी. हे काम रोलर असलेल्या डायनोवर करावे. एकाच माणसाने गाडी हाकायची आणि आकडेही वाचायचे, हा प्रकार जिवावर बेततो.

पैसा कुठे घालावा?

नवशिका आपले भांडवल मोठ्या टर्बोत आणि चकचकीत नळ्यांत घालतो आणि सेन्सरमध्ये काटकसर करतो. अनुभवी कारीगर मध्यम टर्बो घेतो आणि उरलेला पैसा वाइडबँड सेन्सर, चांगला पेट्रोल पंप, इंटरकूलर आणि डायनोवरचे तास यांत घालतो. फुटलेल्या इंजिनाच्या खर्चापुढे या सर्व वस्तू स्वस्त ठरतात.

आपल्याकडे काय?

भारतात ही गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येणार नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई करते आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तसाच निर्वाळा दिला. २०१९च्या दुरुस्तीनुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न वेगळाच. गिऱ्हाईक कितीही पैसे देत असले तरी रस्त्यावरच्या गाडीला घरगुती टर्बो बसवून देणे हा गॅरेजवाल्याच्या दृष्टीने तोट्याचा सौदा आहे. अशा गाडीची जागा शर्यतीच्या बंद ट्रॅकवर आहे. कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारत स्पर्धेसाठी इंजिनिअरिंगचे विद्यार्थी स्वतःच्या गाड्या बांधतात, तिथे हे काम रीतसर शिकता येते.

मात्र हे हुनर रस्त्यावरही रीतसर कामाला येते. सिक्वेन्शियल सीएनजी किटमध्ये असाच कॉम्प्युटर, असाच दाबाचा सेन्सर आणि असेच इंजेक्टर असतात. तेही लॅपटॉप जोडूनच जुळवावे लागतात. मंजूर किट बसवून आरटीओत नोंद केली की ते पूर्ण कायदेशीर आहे. शिवाय आज कारखान्यातूनच टर्बो बसवून येणाऱ्या पेट्रोल गाड्या वाढल्या आहेत आणि वॉरंटी संपल्यावर त्या मोहल्ल्यातल्या गॅरेजमध्ये येणारच आहेत. त्या वेळी सेन्सरचा आकडा वाचून दोष सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक जाईल, अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलत बसणाऱ्याकडे नाही.

ज्या तरुणाला हात बसवायचा आहे त्याने गाडीला हात लावण्याआधी स्पीडुइनोसारखी पाटी टेबलावर मांडावी, तिला सेन्सर जोडावेत, बनावट सिग्नल द्यावेत आणि आकडे कसे हलतात ते महिनाभर पाहावे. टेबलावर चूक झाली तर एखादा सुटा भाग जळतो. तीच चूक गाडीत झाली तर इंजिन जाते.