निवडुंगाची सबुरी

आमच्या अम्मीने डालड्याच्या एका गंजक्या डब्यात ब्रह्मकमळ लावलं होतं. आम्ही तेव्हा जुन्या पेठेत भाड्याने राहत होतो. शेजारच्या काकूंनी एक पान दिलं, अम्मीने ते मातीत खोचलं, आणि तीन वर्षांनी श्रावणातल्या एका रात्री त्याला फूल आलं. रात्री अकराला काकू हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या. सगळी आळी आमच्या ओट्यावर जमली. अम्मीने डोक्यावरचा पदर सावरत चहाचं मोठं पातेलं चढवलं. सकाळपर्यंत फुलाने मान टाकलेली होती.

हे ब्रह्मकमळ म्हणजे एक निवडुंग आहे, हे मला फार उशिरा कळलं. खरं ब्रह्मकमळ हिमालयात खूप उंचावर उगवतं, आणि ते सूर्यफुलाच्या कुळातलं. आपल्या गॅलरीतलं मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतलं. तिथे ते झाडांच्या फांद्यांच्या आधाराने वाढतं. त्याचं पान म्हणजेसुद्धा पान नव्हेच, तर चपटं झालेलं खोड. कडेच्या खाचांत डोळे असतात, म्हणून तर मातीत खोचलं की ते मुळं धरतं आणि वर फुटतं.

अम्मी २००९ साली गेली. डबा मी माझ्या फ्लॅटवर आणला, नवी मोठी कुंडी घेतली, काळीभोर माती भरली, आणि रोज सकाळी न चुकता पाणी घातलं. दोन महिन्यांत सगळं झाड बुडापासून कुजलं. बोट लावलं तर खोड पेरूच्या गरासारखं निघून आलं. प्रेमाने मारलं म्हणायचं!

त्यानंतर मी ह्या काटेरी मंडळींचा नीट अभ्यास सुरू केला. बहुतेक झाडं दिवसा पानांची छिद्रं उघडून हवा घेतात. निवडुंग हे काम रात्री करतो. दिवसा उन्हात दारं बंद, म्हणजे अंगातलं पाणी उडून जात नाही. पानांचे काटे झाले आणि अन्न करायचं काम हिरव्या खोडाकडे आलं. अशा काटकसरी घरात रोज बादलीभर पाणी ओतलं, तर ते जाणार कुठे? मुळांना हवा मिळत नाही, बुरशी धरते.

म्हणून आधी माती. जाड नदीची रेती किंवा बारीक मुरूम निम्मा, विटांचे बारीक तुकडे थोडे, बाकी चाळलेलं पानांचं खत आणि बागेची माती. पाणी घातल्यावर ते काही क्षणांत खालच्या भोकातून बाहेर आलं पाहिजे. कुंडी मातीची, झाडापेक्षा बोटभरच मोठी. पाणी किती दिवसांनी, असं मला सगळे विचारतात. वार ठरवू नका. बांबूची काडी तळापर्यंत खुपसा; कोरडी निघाली तर भरपूर घाला, ओली निघाली तर परत फिरा. माझ्याकडे उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी पाळी येते, थंडीत तीन-चार आठवड्यांनी. पावसाळ्यात मात्र कुंड्या पत्र्याखाली हव्यातच. आपल्याकडे निवडुंग उन्हाने मरत नाहीत, जूनच्या पावसाने मरतात. ब्रह्मकमळ जंगलातलं असल्याने त्याला कोवळं ऊन, सावली आणि जरा जास्त खत-ओलावा लागतो. पण चिखल त्यालाही सोसत नाही.

एक गोष्ट ओळखून ठेवा. आपले थोर आणि शेर निवडुंग नव्हेत. त्यांना खुडलं की पांढरा चीक येतो. तो डोळ्यांत गेला तर फार त्रास होतो. खऱ्या निवडुंगाचे काटे लवदार, छोट्या गादीतून फुटतात. आपल्या माळरानावरचा फड्या निवडुंगही पाहुणाच, अमेरिकेतून आलेला. तो इतका माजला, की त्याला आवरायला १९२६ साली श्रीलंकेतून एक किडा दक्षिण भारतात आणावा लागला. त्या किड्यासारखाच कापसाळ पांढरा पिठ्या ढेकूण कुंडीत दिसला, तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो टिपून काढावा.

आता नवी झाडं करण्याविषयी. गोल निवडुंगांना अंगावर पिल्लं येतात, ती चिमट्याने अलगद फिरवून सुटतात. उभ्या खोडाचा तुकडा धारदार, स्वच्छ सुरीने कापावा. मग माणसाचा हात शिवशिवतो, तिथेच खरी परीक्षा. तुकडा लगेच लावायचा नाही. सावलीत ठेवून द्यायचा. पातळ असेल तर चार-पाच दिवस, जाड असेल तर दोन-तीन आठवडे. जखमेवर खपली धरली की कोरड्या रेतीवर उभा करायचा आणि मुळं दिसू लागेपर्यंत पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. कुजू लागलेलं झाडही असंच वाचतं. तांबूस डाग दिसेनासा होईपर्यंत वर वर कापत जायचं, प्रत्येक कापाआधी सुरी पुसायची, शेवटी गंधकाची पूड लावायची.

अरबीत निवडुंगाला ‘सब्बार’ म्हणतात. आपण मराठीत ‘सबुरी’ म्हणतो, ती ज्या ‘सब्र’वरून आली, त्याचं आणि ह्या शब्दाचं मूळ एकच. कवितेपेक्षा सुरी हातात असताना मला हे जास्त पटतं.

नर्सरीत हिरव्या दांड्यावर लाल-पिवळा गोळा बसवलेला असतो, तो घेताना माहीत असावं, की ते कलम आहे. गोळ्यात हरितद्रव्य नाही, तो खालच्या दांड्याच्या जिवावर जगतो. दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या भाऊबंदांतला असतो. काही वर्षांनी दोघांचं बिनसतं. तेव्हा गोळा उतरवून नव्या दांड्यावर बसवायचा. दोन्हींच्या मधली वर्तुळं एकमेकांना भिडली पाहिजेत.

अम्मीचं ब्रह्मकमळ गेलं, पण तिने आयुष्यभर पानं वाटली होती. एक दिवस मी जुन्या आळीत गेलो. काकू नव्हत्या, त्यांच्या सूनबाईंनी ओळखलं. त्यांच्या मागच्या अंगणातलं झुडूप अम्मीनेच दिलेल्या पानाचं होतं. काकूंचं मूळ झाड एका पावसात गेलं, तेव्हा अम्मीने दिलेलं. तुकड्यापासून वाढलेलं झाड हे बी रुजून आलेल्या झाडासारखं वेगळं नसतं, तेच असतं. सूनबाईंनी दोन पानं कागदात गुंडाळून दिली. पाच दिवस सुकवून मी ती लावली.

चौथ्या वर्षी सात कळ्या आल्या आणि मी कौतुकाने कुंडी दिवाणखान्यात आणली. चार गळाल्या. कळ्या धरल्यावर जागा बदलायची नसते. यंदा कुंडी पूर्वेच्या गॅलरीत आहे, तिथून हललेली नाही.

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)