केळीची गाडी : कमानपाटे आणि चाकांतील हवा

इसापूर धरणाचे कालवे आणि विहिरी यांच्या पाण्यावर अर्धापूर तालुक्यात केळीच्या बागा उभ्या आहेत. लावणीपासून घड उतरेपर्यंत बागायतदार बागेस जिवापाड जपतो. बागेपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट मात्र सर्वस्वी गाडीवर सोपविली जाते, आणि पुष्कळदा नुकसान तेथेच होते. हिरव्या केळीस बसलेला मार त्या वेळी फारसा दिसत नाही. फळ पिकू लागले म्हणजे सालीवर काळे डाग उमटतात. शिवाय दुखावलेले फळ इथिलीन वायू अधिक सोडते, त्यामुळे शेजारच्या फण्याही वेळेआधी पिकतात. मग भाव पडतो आणि दोष मात्र बागेच्या माथी येतो.

अधिक ओझे पेलावे म्हणून मालमोटारीच्या कमानीत एखादा जादा पाटा घालून घेण्याची चाल आहे. पाटा वाढला की गाडी बसत नाही, हे खरे. परंतु कमान ताठ होते. अर्धी भरलेली गाडी मग खड्ड्याखड्ड्याला उडते आणि घड घडावर आपटतो. शिवाय पाटा वाढविल्याने आस, ब्रेक आणि टायर यांची ताकद तिळभरही वाढत नाही. त्यापेक्षा तुटलेला पाटा बदलावा, कमानीचे बोल्ट आवळून घ्यावेत आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत असल्यास तो नवा बसवावा. कमान धक्का झेलते, पण त्यानंतरच्या झोक्यास आवर घालणारा तोच असतो. तो निकामी झालेली उंच भरलेली गाडी वळणावर झुलत राहते व चालकास आवरत नाही.

ज्या ट्रॉलीस कमानीच नाहीत, तिचा धक्का केवळ टायरातील हवाच झेलते. ओझे उचलते ते मुख्यतः हवा, रबर नव्हे. दर चौरस इंचास ३० पौंड हवा भरलेल्या चाकावर ६०० पौंड ओझे असेल, तर ते सुमारे २० चौरस इंच जमिनीस टेकते. १५ पौंडांवर सुमारे ४०. म्हणून ओल्या काळ्या जमिनीत हवा थोडी कमी ठेवल्यास चाक कमी रुतते व रानही कमी दबते. मात्र टायर बनविणाराने सांगितलेल्या मर्यादेखाली जाऊ नये, आणि चाल अगदी मंद असावी. तेच चाक तसेच महामार्गावर पळविल्यास त्याच्या बाजू दुमडून तापतात व टायर फुटतो. याउलट दगडासारखी कडक हवा भरली, तर टायर मध्यभागी झिजतो आणि प्रत्येक धक्का थेट मालास पोचतो.

मोटारीतच घर थाटून प्रवास करणारी परदेशातील जाणती मंडळी आधी प्रत्येक आसावरील वजन करवून घेतात व त्यावरून हवा ठरवितात. ऊस वाहणाऱ्यांस वजनकाटा रोजचाच आहे. केळी नेणारानेही एकदा भरली गाडी, पुढची व मागची चाके निरनिराळी, काट्यावर चढवून पाहावी. टायरावर कोरलेला आकडा हा कमाल दाबाचा असतो. तोच आकडा डोळे मिटून गाठावयाचा नसतो.

ओझ्याची जागाही पाहावी लागते. उलाळ झालेली बैलगाडी आणि धुरेकडे जड झालेली गाडी यांतला फरक प्रत्येक शेतकरी जाणतो : एकीत जू वर उचलले जाते, दुसरीत बैलांच्या माना दबतात. मोटारीचेही तसेच आहे. मागे लोंबते ओझे पुढची चाके हलकी करते व सुकाणू ऐकेनासे होते. म्हणून जड माल आसांच्या दरम्यान व खाली, हलका वर भरावा. तळाशी केळीची पाने जाड अंथरावीत.

हवा सकाळी, गाडी निघण्यापूर्वी मोजावी. चालून तापलेल्या टायरात दाब आपोआप चढलेला असतो. तो पाहून हवा सोडल्यास टायर थंड होताच हवा कमी भरते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी एखाद्या गावात एक दाबमापक व पायपंप बागायतदारांच्या सामाईक खर्चाने ठेवविला, तर शेतातून सडकेवर येताच हवा पुन्हा भरून घेता येईल.