मॉलमधले जेवण: बिल वाचा, मग पैसे भरा

बेंगळुरूच्या कोणत्याही दर्शिनीत गेलात तर व्यवहाराचा क्रम ठरलेला असतो. आधी काउंटरवर पैसे, मग टोकन आणि मग इडली-वडा. फलकावर जो दर लिहिला आहे तेवढेच खिशातून जातात. खाणाऱ्याला पहिल्या घासाच्या आधीच हिशेब माहीत असतो.

मॉलमधल्या मोठ्या रेस्टॉरंटमध्ये हा क्रम उलटा होतो. आधी जेवण, मग बिल. मेन्यूवरचा दर वेगळा आणि शेवटी भरायची रक्कम वेगळी. त्यातच बेंगळुरूचे मॉल आता नुसती दुकाने राहिलेली नाहीत. एकाच इमारतीत चित्रपटगृहे, मुलांचे गेम झोन, बोलिंग आणि जेवणाची ठिकाणे असतात. बेळगाव, निपाणी, सोलापूर, पुणे अशा भागांतून नोकरीसाठी आलेल्या अनेक मराठी कुटुंबांकडे गावाहून आई-बाबा आले की रविवारचा बेत अशाच ठिकाणी ठरतो.

हा खर्च करू नये, असे या लेखाचे म्हणणे नाही. घरच्यांसोबत आनंदाने जेवणे हीसुद्धा बचतीची एक चांगली कारणी लागलेली रक्कम आहे. मात्र दर्शिनीत जो हिशेब आधी आपोआप होतो, तो येथे आपल्याला स्वतः करावा लागतो. तो कसा करायचा, ते पाहू.

एक उदाहरण घेऊ

नवरा-बायको, दोन मुले आणि आजी-आजोबा असे सहा जण जेवायला गेले. मेन्यूवरच्या दराप्रमाणे खाण्यापिण्याची बेरीज ६,००० रुपये झाली. बिल आले ते असे:

खाद्यपदार्थ: ६,००० रुपये
सर्व्हिस चार्ज १० टक्के: ६०० रुपये
केंद्रीय जीएसटी २.५ टक्के: १६५ रुपये
राज्य जीएसटी २.५ टक्के: १६५ रुपये
एकूण: ६,९३० रुपये

आता एकेक ओळ तपासू.

जीएसटी: हा द्यावाच लागतो, पण किती?

मॉलमधल्या साध्या किंवा महागड्या, वातानुकूलित किंवा बिगर-वातानुकूलित रेस्टॉरंटमधील जेवणावर जीएसटी ५ टक्के आहे. १५ नोव्हेंबर २०१७ पासून एसी आणि बिगर-एसी हा फरक राहिलेला नाही. हे ५ टक्के बिलावर केंद्र आणि राज्य असे निम्मे-निम्मे दाखवले जातात. दोन ओळी दिसल्या म्हणून दोनदा कर घेतला, असे समजू नये.

अपवाद मोठ्या हॉटेलांचा आहे. ज्या हॉटेलात खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जाते, अशा हॉटेलच्या आवारातील रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के जीएसटी लागू होतो. बेंगळुरूत राजाजीनगरच्या ओरायन मॉलसारखी काही ठिकाणे अशी आहेत की मॉल आणि पंचतारांकित हॉटेल शेजारी-शेजारी आहेत. ६,००० रुपयांच्या जेवणावर ५ टक्क्यांनी ३०० रुपये कर होतो, १८ टक्क्यांनी १,०८० रुपये होतो. म्हणून आत बसण्याआधी एवढे विचारून घ्यावे: “हे रेस्टॉरंट हॉटेलचे आहे का? जीएसटी किती लागेल?”

बिलावर जीएसटी लावला असेल तर दुकानाचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला असलाच पाहिजे. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. कर्नाटकासाठी २९, महाराष्ट्रासाठी २७. क्रमांक नसेल आणि तरी कर लावला असेल, तर विचारणा करावी. कंपोझिशन योजनेत नोंदलेल्या लहान उपाहारगृहांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा कर लागतो. त्यामुळे ते मागवले असेल तर त्याचा हिशेब बिलात वेगळा दिसतो.

सर्व्हिस चार्ज: हा कर नाही

बऱ्याच जणांना सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर वाटतो. पूर्वी ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा कर होता, त्यामुळे हा गोंधळ होतो. तो कर १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर संपला. सर्व्हिस चार्ज सरकारकडे जात नाही. ती रेस्टॉरंटने मागितलेली बक्षिशी आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा सारांश असा: सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येणार नाही. दुसऱ्या नावाने वसूल करता येणार नाही. तो द्यायचा की नाही हे ग्राहकाच्या इच्छेवर आहे आणि तसे ग्राहकाला सांगितले पाहिजे. तो न दिल्यास प्रवेश नाकारता येणार नाही. तो जेवणाच्या बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटी लावता येणार नाही.

उपाहारगृहांच्या संघटना या सूचनांविरुद्ध न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी सूचना वैध ठरवल्या. त्या निकालाविरुद्ध संघटनांनी अपील केले आहे.

आता वरचे बिल पुन्हा पाहा. सर्व्हिस चार्ज न विचारता लावला आणि त्यावरही जीएसटी आकारला. तो काढून टाकल्यास बिल असे होईल: जेवण ६,००० आणि जीएसटी ३००, एकूण ६,३०० रुपये. फरक ६३० रुपयांचा आहे.

असे बिल आल्यास आवाज चढवण्याची गरज नाही. मॅनेजरला बोलावून शांतपणे सांगावे: “आम्हाला सर्व्हिस चार्ज द्यायचा नाही. तो काढून नवीन बिल द्या.” वाढणाऱ्याने मनापासून सेवा केली असेल, तर त्याच्या हातात हवी तेवढी रक्कम जरूर द्यावी. फक्त ती किती असावी, हे आपण ठरवावे.

मेन्यूतल्या न दिसणाऱ्या किमती

बिल फुगण्याची खरी जागा ऑर्डर देताना असते. पुढच्या गोष्टी आधी विचाराव्या.

पाणी: टेबलावर बसताच “मिनरल की रेग्युलर?” असे विचारतात. रेग्युलर म्हणजे साधे पिण्याचे पाणी. बाटलीबंद पाणी रेस्टॉरंटमध्ये छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी दिला आहे. त्यामुळे बाटलीवरची किंमत पाहून अंदाज बांधू नये.

मासळी: काही पदार्थांपुढे दराऐवजी ‘आकाराप्रमाणे’ किंवा ‘बाजारभाव’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द असतात. मासा किती वजनाचा आणि किती रुपयांचा, हे शिजवायला देण्याआधी विचारावे.

बुफे: मुलांचा दर कोणत्या वयापर्यंत आहे, शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का आणि सांगितलेल्या दरात कर धरला आहे का, हे तीन प्रश्न पुरतात. आजी-आजोबांचे खाणे बेताचे असेल तर बुफेपेक्षा मेन्यूतून मागवणे स्वस्त पडू शकते.

सवलत: ॲपवरून टेबल घेतल्यास किंवा ठरावीक कार्डाने पैसे भरल्यास सूट मिळते. मात्र किमान बिल किती हवे, जास्तीत जास्त सूट किती आणि ती रविवारी लागू आहे का, हे पाहावे. सूट मिळवण्यासाठी एक पदार्थ जास्त मागवला, तर बचत झाली असे म्हणता येत नाही.

जेवण हा दिवसाच्या खर्चाचा एक भाग

मॉलमध्ये गेलेले कुटुंब क्वचितच फक्त जेवून परत येते. वरच्याच कुटुंबाचा पूर्ण दिवस मांडू.

जेवण, सर्व्हिस चार्ज वगळून: ६,३०० रुपये
चित्रपटाची सहा तिकिटे, ऑनलाइन बुकिंगच्या शुल्कासह: २,००० रुपये
गेम झोनचे कार्ड: १,५०० रुपये
मध्यंतरातले पॉपकॉर्न आणि पेये: ८०० रुपये
जाण्या-येण्याची टॅक्सी: ९०० रुपये
एकूण: ११,५०० रुपये

म्हणजे जेवणाच्या बिलाइतकाच विचार उरलेल्या ५,२०० रुपयांचाही व्हायला हवा. येथे दोन गोष्टी उपयोगी पडतील. चित्रपटगृहाला बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास मनाई करता येते. मात्र पिण्याचे पाणी मोफत दिले पाहिजे आणि तान्ह्या मुलासाठी पालकांना वाजवी प्रमाणात खाणे नेता आले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी स्पष्ट केले आहे.

दुसरी गोष्ट गेम झोनच्या कार्डाची. मुले हट्ट करतात, आजोबा कौतुकाने १,५०० रुपये भरतात आणि घरी येताना कार्डात ४०० रुपये उरतात. हे कार्ड त्याच ठिकाणी चालते. ते म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. बँक ठेवींना मिळणारे पाच लाख रुपयांपर्यंतचे ठेव विम्याचे संरक्षण त्याला नाही. म्हणून लागेल तेवढेच भरावे आणि उरलेली रक्कम परत मिळते का व किती दिवस टिकते, हे भरण्याआधी विचारावे.

पैसे कुठून येणार?

अशा दिवसाचा खर्च दोन मार्गांनी होऊ शकतो.

पहिला मार्ग आवर्ती ठेवीचा. वर्षातून एकदा असा दिवस घालवायचा असेल, तर बँकेत दरमहा ९५० रुपयांची १२ महिन्यांची आवर्ती ठेव काढावी. वर्षभरात ११,४०० रुपये जमतात. व्याजदर ६ टक्के धरला तर साधारण ३७० रुपये व्याज मिळते. दिवसाचा पूर्ण खर्च निघतो आणि वर थोडे पैसे उरतात.

दुसरा मार्ग क्रेडिट कार्डाचा. पूर्ण रक्कम मुदतीत भरली तर कार्डाने पैसे देण्यात गैर काही नाही. पण ११,५०० रुपये कार्डावर टाकून फक्त ‘किमान देय रक्कम’ भरली, तर व्याज सुरू होते. महिन्याला ३.५ टक्के दर धरला, तर ढोबळमानाने पहिल्याच महिन्यात सुमारे ४०० रुपये व्याज होते. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून हा आकडा ४७५ रुपयांच्या आसपास जातो. शिवाय थकबाकी असताना केलेल्या नव्या खरेदीवरही बिनव्याजी मुदत मिळत नाही.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. आवर्ती ठेवीने वर्षभरात जेवढे व्याज मिळवून दिले, त्याहून जास्त रक्कम कार्डाने एका महिन्यात घेतली. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खरेच. पण अंथरूण आधी वाढवून घेतले तर पाय पसरण्यात काळजी नाही.

घरातल्या घरात आणखी एक गोष्ट ठरवून ठेवावी: बिल कोण भरणार. “मी देतो, मी देतो” असे म्हणत आजोबांनी पेन्शनचे पैसे पुढे करणे आणि मुलाने घाईने कार्ड काढणे, यात बिल वाचायचे राहून जाते. निघण्यापूर्वीच ठरले असेल तर टेबलावर संकोच होत नाही.

पैसे भरताना

कार्ड नजरेआड नेऊ देऊ नका. मशीन टेबलावर मागवा. मशीनवरची रक्कम वाचूनच पिन टाका. ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार कार्ड नुसते टेकवून, पिनशिवाय होऊ शकतो, हे लक्षात असू द्या.

यूपीआयने भरताना कोड स्कॅन झाल्यावर दिसणारे नाव रेस्टॉरंटचेच आहे ना, हे पाहा. परतावा मिळवण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. तसे कोणी सांगितले तर ती फसवणूक आहे.

मॉलच्या तळघरात किंवा आतल्या बाजूला नेटवर्क कमी असते. खात्यातून रक्कम गेली, पण रेस्टॉरंटकडे आल्याचे दिसत नाही, असे होऊ शकते. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नका. थोडे थांबा, बँकेचा संदेश आणि व्यवहार क्रमांक दाखवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दुकानदाराला न पोहोचलेली अशी रक्कम व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत आली पाहिजे. त्यानंतर उशीर झाल्यास दर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची आहे.

तक्रार कुठे करावी?

बिलाबाबत, म्हणजे सर्व्हिस चार्ज काढण्यास नकार वगैरे: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलाचे छायाचित्र जवळ ठेवावे.

तेवढ्याने न सुटल्यास: जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल शुल्क नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. बेंगळुरूत पाहुणे म्हणून आलेल्या पुण्याच्या कुटुंबाला त्यासाठी पुन्हा बेंगळुरूला यावे लागत नाही.

बँक, कार्ड किंवा यूपीआयबाबत: आधी आपली बँक. ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. माहितीसाठी १४४४८.

फसवणूक झाल्यास: लगेच १९३०, आणि त्याच वेळी बँकेलाही कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी.

निघण्यापूर्वी

दिवसाची एकूण रक्कम कागदावर लिहा. ती कोणत्या खात्यातून येणार ते ठरवा. ऑर्डर देताना दर विचारा. बिल आले की चार गोष्टी पाहा: मागवलेले पदार्थ, सर्व्हिस चार्ज, जीएसटीचा दर आणि जीएसटी क्रमांक. यासाठी दोन मिनिटे लागतात. वरच्या उदाहरणात त्या दोन मिनिटांची किंमत ६३० रुपये होती.