एकाच मावळाच्या चार वाणी

भोरहून महाडकडे निघालेला रस्ता हिरडस मावळातून वरंधा घाट ओलांडतो. घाटाच्या पायथ्याजवळ शिवथरची घळ आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकरराव देव यांनी १९३० साली ती शोधून काढली आणि ‘दासबोध’ येथेच सिद्ध झाला, अशी श्रद्धा रुजली. घाटाच्या अलीकडे, भोर तालुक्यात कान्होजी जेध्यांचे कारी गाव. वेल्ह्याच्या बाजूला तोरणा आणि राजगड. सतराव्या शतकातल्या मराठी मनाचा शोध घ्यायचा, तर याहून चांगला मुलूख कोणता?

संतकवी, पंतकवी, तंतकवी ही विभागणी आपण शाळेत पाठ केली. परीक्षा संपली आणि ती विसरलोही. पण ही नावे केवळ छंदांची किंवा जातींची नाहीत. माणसाने जगाकडे पाहावे कसे, या प्रश्नाची ती वेगवेगळी उत्तरे आहेत.

पहिले उत्तर तुकोबांचे. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचे घर उद्ध्वस्त झाले. परंपरा सांगते, की त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली. त्यांच्या लेखी जगाचा खरा हिशेब आत, मनात चालतो. विठ्ठलापुढे कुणबी आणि वाणी सारखेच. अभंग असा, की जात्यावर बसलेल्या बाईलाही तो आपलाच वाटावा.

दुसरे उत्तर समर्थ रामदासांचे. तेही भक्तच, त्यांच्या करुणाष्टकांतली आर्तता कोणाही वारकऱ्याला परकी वाटणार नाही. पण २० दशकांच्या आणि २०० समासांच्या ‘दासबोधा’त मूर्खांची लक्षणे येतात, राजकारण येते; अक्षर कसे काढावे, ओळी कशा सरळ ठेवाव्यात, हेही येते. देवाकडे जाणारी वाट नीटनेटक्या प्रपंचातून जाते, असा हा आग्रह.

तिसरी वाणी शाहिराची. अफझलखानाचा वध १६५९ साली झाला आणि अज्ञानदासाने त्यावर पोवाडा रचला. हाती आलेल्या पोवाड्यांत तो सर्वांत जुना मानला जातो. येथे मोक्षाची चिंता नाही. माणूस त्याच्या कर्तृत्वाने ओळखायचा आणि त्याचे नाव डफावर जिवंत ठेवायचे.

चौथी वाणी पाठ्यपुस्तकांत फारशी भेटत नाही. ती कारीच्या जेध्यांच्या दप्तरातली. त्यांची शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली. शिवजन्माच्या तिथीच्या वादात तिचा मोठा आधार झाला. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही नोंद तिच्यातच मिळते. या लेखनात ना भक्ती, ना उपदेश, ना गौरव. अमुक साली अमुक घडले, एवढेच. कवी गहिवरेल, देशमुखाचा कारकून मात्र तारीख टाकेल! वतन टिकवायचे तर कागद हवा, ही त्याची जीवनदृष्टी.

पुढे अठराव्या शतकात बारामतीला मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आर्येला जे रूप दिले, त्यात पांडित्याचा डौल आहे. तोवर स्वराज्याचे साम्राज्य झाले होते. स्थैर्य आले, की भाषेलाही अलंकार घालावेसे वाटतात.

या वाण्यांतली श्रेष्ठ कोणती, यावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात संतांनीच स्वराज्याची मशागत केली, असे मांडले. इतिहासाचार्य राजवाड्यांना ते मुळीच पटले नाही. वारकरी संतांनी समाजाला निष्क्रिय केले, जागे केले ते रामदासांनी, असा त्यांचा रोख होता.

असा पेच आपल्याकडेच पडला असे नव्हे. अमेरिकेत सतराव्या शतकातले प्युरिटन लेखक प्रत्येक घटनेत ईश्वराचा संकेत वाचत. पुढच्या शतकात बेंजामिन फ्रँकलिनने १३ सद्गुणांचा तक्ता करून रोजच्या चुका मांडायला घेतल्या. त्याची नीटनेटकी वृत्ती दासबोधाच्या वाचकाला ओळखीची वाटेल. १८४५ साली थोरो वॉल्डन तळ्याकाठी झोपडीत राहायला गेला, तो आतला आवाज ऐकायला. फरक एवढाच, की तिथे एका पिढीने आधीच्या पिढीला उत्तर दिले. आपल्याकडे तुकोबा आणि समर्थ एकाच वर्षी, १६०८ मध्ये जन्मले, असे मानतात.

मग राजवाडे खरे की रानडे? पुरावा दोघांच्या मांडणीपेक्षा गुंतागुंतीचा आहे. ज्यांना केवळ टाळकरी समजले गेले, त्या तुकोबांनी पाइकीचे अभंग लिहिले, आणि त्यांत शिपायाचे इमान गायले. कर्मयोगी म्हटलेले समर्थ देवापुढे लहान मुलासारखे रडले. कप्पे टीकाकारांनी पाडले. ज्यांच्यासाठी हे लिहिले गेले, त्या माणसांना ते तितके काटेकोर ठाऊक नसावेत.

आज भोर-वेल्ह्यातली मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जातात. एखाद्या घरात गाथा उरते, एखाद्यात दासबोध. ‘आमचे संत’ आणि ‘तुमचे संत’ अशी वाटणीही कधी कानावर येते. वारसा असा तुकड्यांत दिला, तर मुलांच्या हाती अर्धेच जग लागेल. दुःखात तुकोबा, कामात समर्थ, संकटात शाहीर आणि व्यवहारात जेध्यांचा कारकून. या चौघांचीही गरज प्रत्येकाला कधी ना कधी पडतेच.